चिंचेनं घासलेला दगड

२३ ऑक्टोबर २००५, रविवार. दिवाळीची भांडी घासायला काढली. दोन घागरी, परात, समई, ताम्हन, तांब्या आणि चार पातेली. सगळं पितळ आईकडून आलेलं, वापर वर्षातून दोनदा. सकाळी पाव किलो चिंच भिजत घातली होती. ती कोळून त्यात मूठभर मीठ टाकलं, काथ्या घेतला आणि मागच्या गॅलरीत पाट टाकून बसले. आधी राखेनं तेलकटपणा काढायचा, मग चिंच फासून ठेवायची आणि ती मुरेपर्यंत पुढचं भांडं घ्यायचं. म्हणजे हात रिकामा राहत नाही आणि जोरही लागत नाही. ही पद्धत आईची. चिंच आपलं काम करत असते, आपण आपलं करावं, असं ती म्हणायची.

घागरी झाल्या आणि फोन वाजला. भाऊ होता, मळ्यातून बोलत होता.

"उद्या नऊ वाजता ग्रॅनाइटवाला येतोय. गवंडी पण सांगून ठेवलाय. आई-नानांची नावं एकाच दगडावर, छान आलंय."

"बरं."

"जुन्या दगडाचं काय करू? गवंडी म्हणतो फोडू नका, विहिरीवर धुण्याला बरा होईल. सपाट आहे."

कोपरापासून चिंचेचं पाणी खाली गळत होतं.

"मॅडम, ऐकताय ना? तुझाच दगड आहे, तू सांग."

"संध्याकाळी सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला. परत येऊन बसले. परातीला चिंच फासली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. पितळेवरचा काळा थर सुटत चालला होता. खालचं पिवळं वर येत होतं. पितळेचं हे बरं असतं. चिंचेतलं आम्ल वरचा गंज खातं आणि खालचं पितळ निघतं. चार वेळा घासा, चाळीस वेळा घासा, निघतं ते पितळच.

आईलाही आयुष्यभर एवढंच माहीत होतं. त्यात तिची काही चूक नव्हती.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. आमचा मळा शहराच्या कडेला, आता तिथपर्यंत इमारती आल्यात. झेंडू, शेवंती, बांधाला थोडी मेथी-कोथिंबीर. नाना पहाटे सायकलवर फुलांच्या टोपल्या बांधून फुलबाजारात जायचे आणि नऊच्या आत परत यायचे. मला अकरावीत सायन्सला घालायचं ठरलं तेव्हा त्यांच्या मोठ्या भावानं विचारलं होतं, मुलीला कशाला? नाना म्हणाले, "तिला खतांच्या पिशवीवरचं वाचता येईल." मी पुढे एमएस्सी झाले आणि ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले. त्यानंतरही ते खताची नवी पिशवी आली की मला वाचायला लावायचे. त्यांना स्वतःला वाचता येत होतं. तरीही.

१९९३ च्या हिवाळ्यात ते गेले. बाजारातून आले, सायकल लावली, विहिरीच्या कट्ट्यावर बसले, आणि आई चहा घेऊन गेली तोवर संपलं होतं. नदीवर दहनाचं सगळं केलं. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे थोडी राख मळ्यात आणली आणि ते बसायचे तिथेच, विहिरीशेजारी, छोटा चौथरा बांधला. त्यावर नावाचा दगड बसवायचा होता.

भाऊ म्हणाला, "काळ्या पाषाणाचाच करू. ओळखीचा पाथरवट आहे."

"काळा दगड म्हणजे पाटा-वरवंटा," मी म्हटलं. "नानांसाठी संगमरवर पाहिजे."

"पांढरा लवकर मळतो."

"मळला तर धुवायचा."

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, पगार येत होता आणि घरात माझा शब्द चालायला लागला होता. रस्त्यावरून जाणाऱ्याला हिरव्या शेतात पांढरा दगड लांबून दिसावा, कुणाचा म्हणून त्यानं विचारावं, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर एवढंच कारण. मी दुकानात जाऊन पाटी निवडली. स्वच्छ पांढरी, एका कोपऱ्यात राखाडी रेघ असलेली. कोरणाऱ्यानं अक्षरं उथळ कोरली, त्यात काळा रंग भरला. खोल कोर म्हणून सांगायला हवं होतं, ते सुचलं नाही.

त्याच वर्षी मी अकरावीच्या वर्गाला, दरवर्षीप्रमाणे, संगमरवराच्या तुकड्यांवर आम्ल ओतून वायू कसा निघतो ते करून दाखवलं होतं. तुकडे फसफसतात, पोरं खूश होतात. प्रयोगशाळेतला तो संगमरवर आणि चौथऱ्यावरचा हा संगमरवर एकच, हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण प्रयोगशाळेतलं ज्ञान मी कॉलेज सुटल्यावर तिथेच ठेवून यायचे. घरी आम्ल म्हणजे ताक, चिंच, लिंबू.

आईनं त्या दगडाला पहिल्या अमावास्येला हात लावला. दर अमावास्येला ती घरातली देवाची भांडी घासायची. त्या दिवशी उरलेली चिंच घेऊन विहिरीवर गेली आणि दगडाला फासली. तिनं आयुष्यात जे जे घासलं होतं ते एक तर पितळ-तांबं होतं, नाहीतर आपला इथला काळा दगड. पाटा, उखळ, मारुतीच्या देवळाची पायरी. काळ्या पाषाणाला चिंचेनं काहीही होत नाही. हजार वर्षं घासली तरी पायरी आहे तशी राहते, पायांनी झिजली तर झिजते. पांढरा दगड तिच्या घरात मीच आणला.

"लय चमकतो गं," ती मला म्हणाली होती. "देवाच्या भांड्यावानी."

पद्धत तीच. चिंच-मीठ फासून ठेवायचं, तोवर दोन ओळी फुलं तोडायची, मग येऊन काथ्यानं घासायचं, पाणी ओतायचं. काळा रंग वर्षभरात निघून गेला. तिला त्याचं काही वाटलं नाही, कारण तोवर तिला अक्षरं सापडली होती.

हे नीट सांगायला हवं. आई शाळेत गेली नव्हती. बँकेत अंगठा द्यायची. आणि तिच्या पिढीच्या बायकांप्रमाणे तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. रेशनच्या रांगेत कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं की ती मागच्या बाईकडे बघायची आणि ती बाई सांगायची. नाना गेल्यावरही तिनं ते घेतलं नाही. "तुझे नाना", नाहीतर नुसतं "हे".

एका अमावास्येला मी मळ्यात होते. घासून झाल्यावर ती दगडाशी वाकली होती आणि अंगठा अक्षरांच्या खाचेतून फिरवत होती. वरून खाली, मग आडवा, मग वळसा. एक अक्षर संपलं की दुसरं. ओठ मिटलेले.

"काय करतेस?" मी विचारलं.

"चिंच अडकती त्यात. काढती."

"आई, चिंच तर कधीच गेली."

ती हसली. "ही तीन घरं हायेत ना, ती तुझ्या नानांची. खालचं मोठं हाय ते आडनाव, ते आपल्या सगळ्यांचंच हाय. मला कळतं आता." मग मातीत काटकीनं तीन अक्षरं काढून दाखवली. वेडीवाकडी, पण वाचता येतील अशी. साठी उलटलेल्या माझ्या आईनं लिहिलेली पहिली तीन अक्षरं. "तोंडानं नाय घेतलं कधी," ती म्हणाली, "हातानं घेतलं तर काय होतंय?"

मी त्यावर तिला सगळी बाराखडी शिकवायला निघाले. तिनं हात झटकला. "बाकीच्या अक्षरांशी मला काय करायचं?"

१९९७ मध्ये मला दिसलं. मे महिना, दुपारचं ऊन तिरकं पडलं होतं आणि त्या उजेडात पाटीचा पृष्ठभाग दिसला. गुळगुळीतपणा गेला होता. साखरेच्या वडीसारखा खरखरीत झाला होता. अक्षरांच्या कडा गोल झाल्या होत्या. डाव्या कोपऱ्यातून ती चिंच फासायला सुरुवात करायची, तिथे गोळा जाड बसायचा, म्हणून नावाचं पहिलं अक्षर सगळ्यांत उथळ झालं होतं. मी तिथेच उभी राहिले आणि माझ्या डोक्यात फळा भरून समीकरण उमटलं. चिंचेतलं आम्ल, संगमरवरातलं कॅल्शियम कार्बोनेट, निघणारा वायू, उरणारा पांढरा क्षार, आणि तो काथ्यानं खरवडून पाण्यात जाणारा. मी हे दरवर्षी शिकवत होते.

बोलले मात्र नाही. का, हे मी स्वतःला बरेचदा विचारलंय. बारावीचे वर्ग होते, माझी मुलगी लहान होती, ही कारणं आहेतच. पण खरं कारण हे की सांगायचं म्हटलं तर काळ्या दगडाचं आधी सांगावं लागलं असतं. भाऊ बरोबर होता आणि केमिस्ट्री शिकवणारी मी चूक होते. ते माझ्या तोंडून निघेना. आणखी चार वर्षं ती घासत राहिली आणि मी बघत राहिले.

२००१ साली, दसरा झाल्यावर, पहिल्या अक्षराची उभी रेघ दिसेनाशी झाली. बोट फिरवलं तरच लागायची. तेव्हा मी सांगायचं ठरवलं आणि ठरवल्यावर मी वेळ घालवत नाही. रविवारी मळ्यात गेले. ओट्यावर आई शेवंती निवडत होती. मी स्वयंपाकघरातून लिंबू आणलं, पर्समध्ये खडूचा तुकडा होता तो काढला.

"आई, हे बघ. चौथऱ्यावरचा दगड आणि हा खडू एकाच जातीचे. आंबट लागलं की विरतात."

खडूवर लिंबू पिळलं. खडू ओला झाला. बाकी काही झालं नाही.

आई बघत राहिली. मीही बघत राहिले. आणखी पिळलं. काही नाही.

"तुझ्या खडूला तर काय नाय झालं," आई म्हणाली.

तेव्हा आठवलं. पुस्तकात खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पण खोक्यातून येतो तो हल्ली जिप्समचा असतो. तोही मऊ, तोही पांढरा, तोही दगडाचाच, पण लिंबाला दाद देत नाही. पंधरा वर्षं तो हातात धरला होता मी.

"पोरांना बी हेच शिकवतीस का?" आईला हसू आवरेना. वहिनी आतून बाहेर आली, तिला तिनं पुन्हा सगळं सांगितलं. "मास्तरीणबाईंचं लिंबू वाया गेलं!" दोघी डोळ्याला पदर लावून हसल्या. आई नाना गेल्यापासून अशी हसली नव्हती.

त्या दिवशी मी गप्प बसायला हवं होतं. खडूनं मला तेवढी सवलत दिली होती. चिंचेऐवजी साध्या पाण्यानं धू, थंडीत हात आंबतात, असं काहीतरी सांगून विषय संपवता आला असता. तिनं ऐकलंही असतं. पण माझा प्रयोग फसला होता आणि लोक हसले होते. मला तो बरोबर करून दाखवायचा होता.

पुढच्या रविवारी लॅबमधून संगमरवराचे चार तुकडे रुमालात बांधून नेले. काचेच्या वाटीत ठेवले, वर लिंबाचा रस गाळून ओतला. आई पुढे वाकली. आधी काही दिसलं नाही. मग तुकड्यांच्या अंगावर बारीक बुडबुडे धरले, मोहरीएवढे सुद्धा नाहीत, आणि एकेक सुटून वर यायला लागला.

"हे काय निघतंय?"

"वायू. दगडातला."

"म्हंजे दगड कमी होतो?"

"हो. थोडा थोडा."

"दर वेळी?"

"दर वेळी. चिंचेतही तेच असतं जे लिंबात. जवळजवळ तेच. म्हणून नानांच्या दगडाची अक्षरं—"

मी पुढे बोलत होते. कॅल्शियम सांगितलं, आम्ल सांगितलं, काळा पाषाण लाव्हाचा असतो म्हणून त्याला काही होत नाही, तेही सांगितलं. वर्गात सांगते तसं, मुद्देसूद. आईनं वाटीत बोटं घातली, एकेक तुकडा बाहेर काढला आणि पदरानं कोरडा केला. चारही तुकडे ओळीनं ओट्यावर ठेवले.

"म्हंजे मीच पुसलं की गं," ती म्हणाली.

"तुला माहीत नव्हतं."

"तुला कधीपासून माहीत हाय?"

"आत्ताच लक्षात आलं. थोडे दिवस झाले."

तिनं मान हलवली. मुलगी शिकलेली आहे, खोटं कशाला बोलेल, अशी. मग उरलेली शेवंती निवडायला घेतली. मला वाटलं, झालं, समजलं तिला. चहा पिऊन मी साडेपाचच्या बसनं घरी आले. प्रयोग व्यवस्थित झाला म्हणून मनात थोडं समाधानही होतं. हे लिहायला लाज वाटते, पण होतं.

पुढच्या अमावास्येला आईनं देवाची भांडी घासली आणि उरलेली चिंच झाडाला घातली. त्यानंतर तिनं त्या दगडाला कधी हात लावला नाही. लांबून तांब्याभर पाणी ओतायची, तेही ओठ आवळून, जसं काही दगडाला पोळेल. फुलं ओवायला ती नेहमी चौथऱ्यापाशी बसायची. ती जागा बदलून विहिरीच्या पलीकडे, दगडाकडे पाठ करून बसायला लागली. वहिनी म्हणायची, "आत्या, तिकडं ऊन लागतं." आई म्हणायची, "लागू दे."

पावसाळ्यात दगडावर शेवाळ धरलं. पुढच्या उन्हाळ्यात ते काळं पडलं. भाऊ एकदा ब्रश घेऊन गेला तर ती त्याच्यावर ओरडली. "राहिलंय तेवढं राहू दे! त्याला कुणी हात लावू नका!"

शेवाळही दगड खातं, पावसाच्या पाण्यातही थोडं आम्ल असतंच. ते मी सांगितलं नाही. तेवढी अक्कल आली होती.

मी येईन तेव्हा ती नीट बोलायची. खाणं, माझ्या मुलीचा अभ्यास, फुलांची तोडणी. रागावलेली नव्हती. पण काहीतरी उतरलं होतं तिच्यातलं. आधी तिला अमावास्या कधी आहे ते कॅलेंडर न बघता कळायचं, चार दिवस आधीपासून चिंच निवडायला घ्यायची. आता वहिनी आठवण करून द्यायची. हळूहळू भांडीही वहिनीच घासायला लागली. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, रक्त कमी आहे, गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या तिनं नियमित घेतल्या. रक्त थोडं वाढलंही.

२००४ च्या दिवाळीत मी तिला म्हटलं, "आई, घास की दगड. चिंचेनं एवढं काही होत नाही. मीच उगाच जास्त सांगितलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आता खोटं नको बोलू. तू शिकलेली हायेस."

"अगं, खरंच—"

"मी डोळ्यानं पाह्यलंय वाटीत."

दोन वाक्यांत ज्याला पटवायचं त्याला बुडबुडे दाखवावेत. पण दाखवलेले बुडबुडे परत घेता येत नाहीत. भाऊ त्यावेळी पहिल्यांदा म्हणाला की आपण नवीन बसवू, ग्रॅनाइटचा, त्याला काही होत नाही. आई म्हणाली, "मी गेल्यावर बसवा. मग माझं बी टाका त्याच्यावर, म्हंजे एकदाच खर्च."

जानेवारीत ती खाटेला खिळली. मी रविवारी जायचे, तिचं अंग पुसायचे, पाठीला टाल्कम पावडर लावायचे. ती पावडरही दगडाचीच, शंखजिऱ्याची. सगळ्यांत मऊ दगड तो, नखानं निघतो, आणि कुठल्याच आम्लाला भीक घालत नाही. एका दुपारी डब्याचं झाकण सुटलं आणि पावडर स्टीलच्या ताटात सांडली. मी फडकं आणायला उठले. परत आले तर आई कुशीवर वळली होती आणि ताटातल्या पांढऱ्या थरात अंगठा फिरवत होती.

दुसरं अक्षर काढलं. तिसरं काढलं. मग अंगठा परत डावीकडे, सुरुवातीला आणला आणि तिथे थांबला. रेघ काढली, पुसली. पुन्हा काढली, पुन्हा पुसली.

"पहिलं कसं असतं गं?" तिनं विचारलं.

दगडावर ते राहिलं नव्हतं. तीन वर्षं तिनं बोट लावलं नव्हतं. मी फडकं खाली ठेवलं, तिचा अंगठा धरला आणि पावडरमध्ये पहिलं अक्षर काढलं. उभी रेघ, मग वळसा. पुन्हा काढलं. मग तिनं स्वतः काढलं.

"असंच होतं," ती म्हणाली. "मला वाटलं विसरले."

मी बराच वेळ ते ताट हलवलं नाही. वहिनी जेवण घेऊन आली तेव्हा झटकून धुवावं लागलं, कारण त्यातच वाढायचं होतं.

आई चैत्रात गेली. अंगठ्यावर काही पावडर नव्हती, मी पाहिलं.

तर त्या रविवारी, परात हातात घेऊन, मी हे सगळं आठवत बसले होते असं नाही. मी घासतच होते. समई झाली, ताम्हन झालं, तांब्या झाला, दोन पातेली झाली. दोन राहिली तेव्हा अंधार पडायला लागला, म्हणून ती तशीच ठेवली आणि भावाला फोन लावला.

"जुना दगड धुण्याला लावायचा नाही."

"मग?"

"चौथऱ्यातच घालायचा. ग्रॅनाइटच्या खाली, पालथा. अक्षरं मातीकडे."

"पालथा? अगं, नाव आहे त्याच्यावर."

"म्हणूनच. खाली पाऊस लागणार नाही, शेवाळ धरणार नाही. आहे तेवढं टिकेल."

"गवंडी हसेल."

"हसू दे. आणि ऐक, मी येईपर्यंत उचलायला लावू नकोस."

आणखी एक गोष्ट मी त्याला तेव्हाच सांगितली. बारा वर्षं राहून गेली होती. "काळ्या दगडाचं तू म्हणत होतास ते बरोबर होतं."

"हो का?" तो म्हणाला. "मला तर आठवत पण नाही."

सोमवारी सकाळी साडेसातला मी मळ्यात होते. राहिलेल्या दोन पातेल्यांपुरती चिंच ठेवली होती, त्यातली अर्धी डब्यात घेऊन आले होते. गवंडी यायचा होता. आधी शेवाळ पाण्यानं आणि नखानं काढलं. मग चिंच-मीठ दगडाला फासलं, डाव्या कोपऱ्यापासून. एका वेळेत किती जातं ते मला माहीत आहे. तेवढं जाऊ दिलं. चिंच मुरेपर्यंत झेंडूच्या दोन ओळी तोडल्या. परत येऊन काथ्यानं घासलं, विहिरीचं पाणी ओतलं. दगड पांढरा झाला, चमक काही आली नाही, ती कधीच गेली होती. मग अंगठा खाचेतून फिरवला. पहिलं अक्षर बोटाला लागलं नाही. कुठून सुरू होतं ते मला माहीत होतं, म्हणून तिथून सुरुवात केली. दुसरं लागलं. तिसरं लागलं.

गवंडी मागे येऊन उभा होता. "ताई, मातीत घालायचा दगड, त्याला कशाला घासताय?"

"दिवाळी आहे," मी म्हटलं.

त्यानं आणि भावानं मिळून दगड उचलला आणि पालथा घातला. वर सिमेंट पसरेपर्यंत मी थांबले. ग्रॅनाइट बसल्याचं बघायला थांबले नाही. घरी येऊन साडी बदलली आणि उरलेल्या चिंचेनं ती दोन पातेली घासून टाकली.